सांगड, तुंबा आणि फोमची डंबेल्स : जलव्यायामाच्या भाषेविषयी

वैद्यकाच्या जागतिक कोशात जयपूरचे नाव शिरले ते एका पायामुळे. १९६८ च्या सुमारास तेथील सवाई मानसिंह रुग्णालयात अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी (१९२७-२००८) आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जो कृत्रिम पाय घडविला, त्याच्यामागील निरीक्षण मूलतः सांस्कृतिक होते. विलायती बनावटीचा पाय बूट आणि खुर्ची गृहीत धरतो. भारतीय रुग्ण मात्र मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो, देवळात अनवाणी जातो आणि गुडघाभर चिखलात उतरून भात लावतो. परदेशी पाय पाण्यात व चिखलात टिकत नसे, म्हणून रुग्ण तो कोपऱ्यात ठेवून पुन्हा कुबड्या घेत. या कामासाठी सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मा यांची विद्या शाळेतली नसून हातातली होती, आणि असे हात पुरस्कारांच्या यादीत क्वचितच दिसतात, ही गोष्टही येथे नोंदवून ठेवावी.

या पायाच्या पोटात काय असते? टाचेच्या आणि चवड्याच्या जागी सूक्ष्मरंध्री रबराचे ठोकळे, घोट्याच्या जागी लाकडाचा ठोकळा, वरून रबराचे वेष्टन. हे सारे साच्यात घालून भाजून काढलेले. सूक्ष्मरंध्री रबर म्हणजे आपल्या रोजच्या हवाई चपलेचे रबर. त्यात हवेच्या असंख्य बारीक कोठड्या असतात आणि प्रत्येक कोठडी चोहोबाजूंनी बंद असते. पाऊल जमिनीवर पडताच हवा दबते, आघात गिळते आणि पुन्हा फुगते. अशीच बंदिस्त हवा एखाद्या दांड्याच्या दोन टोकांना बसवून पाण्यात नेली की आज जगभरच्या जलव्यायामात दिसणारे फोमचे डंबेल तयार होते. जमिनीवर आघात गिळणारा पदार्थ पाण्यात भार उचलतो. जयपूरच्या पायाने रुग्णाच्या जमिनीचा विचार केला; त्याच दृष्टीने रुग्णाच्या पाण्याचा विचार करता येतो काय, असा प्रश्न यातून निघतो. त्या प्रश्नाला शास्त्राची बाजू आहे तशीच भाषेची आणि वाङ्मयाचीही आहे, आणि ही दुसरी बाजू वाटते त्याहून अधिक जुनी आहे.

प्रथम नावाविषयी. 'डंबेल' हा शब्द इंग्रजीतही विचित्रच आहे. घंटानादाचा सराव करण्यासाठी केलेल्या, पण घंटा नसलेल्या साधनावरून 'मुकी घंटा' या अर्थी तो रूढ झाला, अशी त्याची सामान्यतः दिली जाणारी उपपत्ती आहे. मराठीने तो 'डंबेल्स' असा अनेकवचनासह उचलला आणि जोडी, मुद्गल, करेला यांच्या पंक्तीला बसविला. आखाड्यातील ही सारी साधने जड असतात आणि त्यांचे मोल त्यांच्या जडपणातच असते. उलट फोमचे डंबेल इतके हलके असते की प्रथमच पाहणाऱ्याला ते खेळणे वाटावे. त्याचे खरे कूळ आखाड्यात सापडत नाही. ते सापडते नदीच्या उतारावर, आणि तेथे त्याला मराठी नावही आहे. ते नाव सांगड.

'सांगड घालणे' या वाक्प्रचारात आपण हा शब्द रोज वापरतो, पण मूळ वस्तू डोळ्यांपुढून गेली आहे. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात सांगडीचे दोन अर्थ एकाशेजारी एक आढळतात : दोन नावा एकत्र बांधून केलेला तराफा, आणि पोहण्यासाठी वा तरंगण्यासाठी एकमेकांना जोडलेले दोन भोपळे. दुसऱ्या अर्थाची वस्तू डोळ्यांपुढे आणावी. वाळवून पोकळ केलेली दोन फळे आणि त्यांना जोडणारा एक दुवा. फोमचे डंबेल आकाराने व तत्त्वाने हेच आहे. विहिरीत पोहायला शिकणाऱ्या मुलाच्या पाठीला बांधलेला सुका भोपळा, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ठोकळा, पुढे आलेला झाळून बंद केलेला पत्र्याचा डबा आणि त्याहून अलीकडचे थर्मोकोल, ही याच वंशातील साधने होत.

आता तत्त्व. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने सांगितलेला नियम शाळेत सर्वांनी पाठ केलेला असतो : बुडालेली वस्तू जितके पाणी बाजूस सारते, तितक्या पाण्याच्या वजनाएवढे बल तिला वर ढकलते. या नियमाचे मानवी परिणाम मात्र शाळेत सहसा कोणी सांगत नाही. साठ किलो वजनाच्या माणसाचे आकारमान सुमारे साठ लिटर, छाती हवेने भरलेली असता किंचित अधिक. सबब तो पूर्ण बुडाला तर त्याचे वजन जवळजवळ शून्य होते. अडचण येते ती डोक्याची. श्वासासाठी डोके पाण्याबाहेर ठेवले की त्या चारपाच लिटरांचा आधार जातो आणि चारपाच किलोंचा भार शिल्लक उरतो. पाच लिटर आकारमानाचा व अर्धा किलो वजनाचा एक सुका भोपळा साडेचार किलोंचा आधार देतो. दोन भोपळे का बांधत याचे उत्तर येथेच मिळते : पहिला डोक्यासाठी, दुसरा भीतीसाठी.

पुनर्वसनाला उपयोगी पडते ते याच नियमाचे मधले अंग. माणूस कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला की त्याच्या पायांवर वजनाचा सुमारे निम्मा भाग येतो, छातीच्या मध्यापर्यंत उतरला तर सुमारे एकतृतीयांश, मानेपर्यंत उतरला तर दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी. ज्या गुडघ्याला साठ किलो पेलवत नाहीत त्याला वीस किलो पेलवतात. भाराचे असे मोजून माप पायरीपायरीने देणारे दुसरे इतके साधे साधन वैद्यकाजवळ नाही. एक पायरी खाली उतरले की भार कमी, एक पायरी वर आले की अधिक. त्याशिवाय पाणी अंगाला चोहोकडून दाबते (एक मीटर खोलीवर हा दाब पाऱ्याच्या सुमारे ७४ मिलिमीटरांएवढा असतो), त्यामुळे पायांवरची सूज ओसरण्यास मदत होते. कोमट पाणी, म्हणजे अदमासे ३३ ते ३५ अंश सेल्सियसचे, आखडलेले स्नायू सैल करते.

फोमच्या डंबेलचा हिशेब असाच मांडता येतो. समजा, त्याच्या दोन टोकांचे मिळून आकारमान चार लिटर आहे आणि वजन पाव किलो. तर ते पाण्याखाली पूर्ण दाबण्यास पावणेचार किलोंचे बल लागेल. अधिक खोल दाबले तर अधिक जोर लागेल, अशी समजूत असते. ती चुकीची आहे. अर्धे बुडेपर्यंत बल वाढत जाते, पूर्ण बुडेपर्यंतही वाढते, त्यानंतर मात्र ते खोलीवर अवलंबून राहत नाही. पुढे बदलते ती हाताची तरफ : हात आडवा पसरलेला असता खांद्यावरचा ताण सर्वांत जास्त, अंगालगत आला की सर्वांत कमी.

या ठिकाणी भाषेचा प्रश्न उभा राहतो, आणि तो केवळ शब्दांचा नाही. जमिनीवरील व्यायामाची सारी भाषा 'उचला' या आज्ञेभोवती रचलेली आहे. वजन उचलणे म्हणजे श्रम, खाली आणणे म्हणजे विसावा. पाण्यात हे व्याकरण उलटे होते. तेथे 'दाबा' म्हणजे श्रम, आणि 'वर येऊ द्या' ही आज्ञा सर्वांत अवघड. जमिनीवर कोपर दुमडून डंबेल उचलताना दंडाच्या पुढच्या बाजूचा स्नायू काम करतो. पाण्यात तेच डंबेल कोपर सरळ करीत खाली दाबताना मागच्या बाजूचा स्नायू काम करतो, आणि ते सावकाश वर येऊ देताना त्यालाच लगाम धरावा लागतो. जमिनीवर हात बाजूने वर नेणे हे खांद्याच्या त्रिकोणी स्नायूचे काम. पाण्यात ते काम फोम करतो आणि हात खाली आणण्याचे काम छातीच्या व पाठीच्या स्नायूंवर येते. म्हणून आखडलेला खांदा वर नेण्यास पाण्यातील डंबेल साहाय्यक ठरते. पण त्रिकोणी स्नायू बळकट करावयाचा असेल तर त्याच डंबेलने तीच हालचाल करणे निरुपयोगी होय. जमिनीवरच्या व्यायामाची सूचनापत्रिका शब्दशः पाण्यात नेली तर ती रुग्णाच्या भलत्याच स्नायूला कामाला लावील. अनुवादात क्रियापद चुकल्याने अर्थ बिघडल्याची उदाहरणे तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला नवी नाहीत. येथे बिघडतो तो खांदा.

आणखी एक भेद सूक्ष्म आहे. पाण्याचा विरोध गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हालचाल दुप्पट वेगाने केली तर विरोध चौपट. उघड्या तळहाताने किंवा बोटांमध्ये पडदा असलेल्या हातमोज्याने व्यायाम करणारा रुग्ण दमून थांबला की विरोधही तत्क्षणी थांबतो. त्याच्या अंगावर काही कोसळत नाही. फोमचे डंबेल मात्र थांबत नाही. रुग्ण थांबला तरी ते वर ओढतच राहते. सांधेदुखीने बोटे आधीच सुजलेली असतील तर दांडा घट्ट आवळून धरण्याचा त्रास मूळ दुखण्यापेक्षा वरचढ होऊ शकतो. दुर्बळ खांद्याला मोठे डंबेल दिले तर ते खांदा कानाकडे खेचते. त्याहून गंभीर म्हणजे विश्वासाचा धोका. अशा दोन डंबेलांची जोडी साडेसात किलोंचा आधार देते, म्हणजे डोके पाण्याबाहेर ठेवण्यास ती पुरेशी असते. म्हणून न पोहणारा माणूस तिला जीवरक्षक समजतो आणि खोल पाण्याकडे सरकतो. भोपळा पाठीला बांधलेला असे. डंबेल हातात धरलेले असते. हात सुटला की आधार सुटला.

हा भेद ज्ञानदेवांना अपरिचित नव्हता, असे त्यांच्या ओव्या वाचताना वाटते. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात, मायेच्या दुस्तरतेविषयीच्या गीताश्लोकावर, मायानदीचे दीर्घ रूपक आले आहे. तिच्यात उडी घेणाऱ्यांची गणना करताना, तीन वेदांच्या सांगडी घेऊन उतरलेल्यांचा उल्लेख येतो. परंतु या लोकांनी सांगडीसोबत अहंभावाच्या धोंडीही घेतल्या, आणि ते मदरूपी माशाच्या तोंडी सबंध गेले. हे रूपक भाष्यकारांनी अध्यात्माच्या अंगाने पुष्कळ उलगडले आहे. त्याचा भौतिक हिशेबही तितकाच चोख आहे हे मात्र सहसा सांगितले जात नाही : सांगडीचा आधार वजा धोंडीचे वजन, आणि बाकी ऋण. बाराव्या अध्यायात संसारसागरातून उद्धार करणाऱ्या भगवंताच्या वचनावर भाष्य करताना तर साधनांची यादीच येते. नामांच्या हजारो नावा. जे एकटे आहेत त्यांना ध्यानाच्या कासेला लावणे. ज्यांच्यामागे परिग्रह आहे त्यांना तराफ्यावर घालणे. आणि कोणा एकाच्या पोटाला प्रेमाची पेटी बांधून त्याला तीरास नेणे. पेटी म्हणजे येथे तरंगण्यासाठी पोटाशी बांधावयाचे साधन. ज्याची जशी शक्ती व जसा भार, तसे त्याला साधन. आणि सर्वांत असहाय जीवाला हातात धरावयाचे काही न देता अंगालाच बांधलेली पेटी. आजचा जलचिकित्सक नवख्या रुग्णाला प्रथम कमरपट्टा देतो आणि डंबेल नंतर, त्यामागील तारतम्य हेच आहे.

पंजाब-सिंधच्या परंपरेत याच साधनाची शोकांतिका आहे. सोहनी पालथ्या घड्याच्या आधारे चिनाब ओलांडत असे. कोणी भाजलेला घडा काढून त्याच्या जागी कच्चा ठेवला आणि तो मध्यधारेत विरघळला. शाह अब्दुल लतीफ यांच्या रिसाल्यात तिच्या नावाचा स्वतंत्र सूर आहे. पदार्थविज्ञानाच्या भाषेत हा बंद आणि उघड्या कोठड्यांचा भेद होय. आंघोळीच्या स्पंजातील छिद्रे एकमेकांत उघडतात, म्हणून तो पाणी पितो आणि जड होतो. डंबेलाच्या फोममधील कोठड्या बंद असतात, म्हणून तो कोरडा राहतो. पण क्लोरीन आणि ऊन यांनी हा फोमही कालांतराने ठिसूळ होतो, त्याच्या कडा झडतात, कोठड्या फुटतात. वापरातील डंबेले अधूनमधून वजन करून पाहावीत; वजन वाढले असेल तर घडा कच्चा झाला असे समजावे.

पाश्चात्त्य जलचिकित्सेचा इतिहास येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. पोलिओने पांगळे झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट १९२४ साली जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्जच्या उष्ण झऱ्यांवर गेले आणि पाण्यात आपले पाय हलतात हे त्यांना दिसले; लॉस एंजेलिसच्या चार्ल्स लोमन यांचे पाण्याखालील कवायतीवरील पुस्तक १९३७ चे. आपल्याकडे १९४६ साली गांधीजींच्या प्रेरणेने उरुळी कांचनला निघालेल्या निसर्गोपचार आश्रमातही जलोपचार होते, पण त्यांत रुग्ण पाण्यात बसतो, हालचाल करीत नाही. विचारप्रवर्तक आहे तो यानंतरचा एक मतभेद. स्वित्झर्लंडमधील बाड रागात्स येथील पद्धतीत रुग्णाच्या मानेला, कमरेला व घोट्यांना तरंगती कडी बांधून त्याला उताणे ठेवतात आणि चिकित्सक त्याच्या हालचालींना विरोध देतो. लंडनमध्ये जेम्स मॅकमिलन यांनी १९४९ पासून हॅलिविक शाळेतील अपंग मुलींना शिकवताना घडविलेली पद्धत नेमकी उलट : तरंगते साधन मुळीच वापरावयाचे नाही. मॅकमिलन प्रवाहयांत्रिकी जाणणारे अभियंता होते. बाहेरून बांधलेला आधार शरीराला पाण्याचे स्वतःचे शिक्षण मिळू देत नाही, असे त्यांचे म्हणणे. पाय गमावलेल्या माणसाच्या बाबतीत याला विशेष अर्थ आहे. त्याच्या शरीराची दोन्ही अंगे सारखी नसतात, म्हणून पाण्यात ते एका कुशीला वळू पाहते. डंबेल ते वळणे झाकते. हॅलिविक पद्धत ते ओळखून सावरावयास शिकवते. दोन्ही बाजूंना तथ्य आहे, तथापि भीतीने ताठरलेल्या प्रौढ रुग्णाला आरंभीच काही न देणे हे तत्त्व म्हणून शुद्ध असले तरी व्यवहारात कठोर होय.

या उपचारांची फलश्रुती किती? गुडघ्याच्या व खुब्याच्या संधिवातावरील १३ चाचण्यांचा आणि ११९० रुग्णांचा कॉक्रेन संस्थेचा २०१६ चा आढावा सांगतो की जलव्यायामाने वेदना व असमर्थता यांत लहानशी, अल्पकालीन सुधारणा होते. लहानशी हा शब्द प्रामाणिक आहे आणि तो दडवू नये. हाडांना बळकटी येण्यास भार लागतो, आणि पाणी तोच काढून घेते. चालणे अखेर जमिनीवरच शिकावे लागते. उघडी जखम, अनियंत्रित अपस्मार, दुबळे हृदय असलेल्यांनी वैद्याच्या अनुज्ञेवाचून पाण्यात उतरू नये. परंतु जखम भरून आली आहे, पाय मात्र भार घेत नाही, असा जो मधला काळ असतो, त्या काळात त्या लहानशा सुधारणेमुळे रुग्ण अंथरूण सोडतो, आणि अंथरूण सोडणे ही गोष्ट लहान नव्हे.

जयपुरात या विचाराला एक स्थानिक प्रतिमा आहे. कृत्रिम पायाचे काम लाखो रुग्णांपर्यंत नेणारी भगवान महावीर विकलांग सहायता समिती देवेंद्रराज मेहता यांनी १९७५ साली, महावीरांच्या निर्वाणाच्या पंचविसाव्या शतकाच्या सांगतेच्या पर्वात, स्थापन केली. महावीरवाणीचे जे अर्धमागधी अंगग्रंथ मानले जातात, त्यांपैकी ज्ञाताधर्मकथेचे सहावे अध्ययन तुंब्याचे आहे. सुक्या तुंब्यावर गवत गुंडाळून मातीचे आठ लेप दिले तर तो तळाशी जातो. लेप एकेक विरघळत गेले की तो आपोआप वर येतो. आठ कर्मांनी जडावलेल्या जीवाचा हा दृष्टांत उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या शेवटच्या अध्यायातही आला आहे. ज्ञानदेवांच्या दृष्टांतात तारणारा बाहेरून येतो आणि पेटी बांधतो. जैन दृष्टांतात तरंगणे हा तुंब्याचा स्वभावच असतो, फक्त लेप जावे लागतात. बाड रागात्स आणि हॅलिविक यांच्या वादाला इतके जुने आणि इतके नेमके पूर्वरूप दोन भारतीय भाषांत असावे, ही गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकाला सुखावणारी आहे. अर्थात त्यावरून एकाने दुसऱ्याकडून काही घेतले असे अनुमान काढणे हास्यास्पद ठरेल.

पण प्रतिमेने तळे भरत नाही. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकानयनाच्या शर्यती जयपूरनजीकच्या रामगढ तलावात झाल्या. पुढे तो तलाव कोरडा पडला, आणि शहर आता मुख्यतः दूरच्या बीसलपूर धरणाचे पाणी पिते. अशा ठिकाणी जलव्यायामाची भाषा सुखवस्तूंची वाटणे स्वाभाविक आहे. तरीही आकडे पाहावेत. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि सव्वा मीटरला थोडी कमी, म्हणजे १.२ मीटर खोल अशी चिकित्सेची टाकी १४,४०० लिटर पाणी घेते. पाच हजार लिटरांचे तीन टँकर. पाणी गाळून पुन्हा वापरले तर रोजचा खर्च केवळ बाष्पीभवनाचा. कठीण जाते ती ऊब. हिवाळ्यात तेच पाणी पंधरा अंशांनी तापवावयाचे तर सुमारे अडीचशे युनिट वीज लागेल. मात्र राजस्थानात पाणी दुर्मीळ असले तरी ऊन दुर्मीळ नाही, आणि छपरावरील सौर तापकाने यातला बराच भार उचलता येतो.

साधनाचा प्रश्न याहून सोपा आहे. फोमची डंबेले विकत घेणे हा एकच मार्ग नव्हे. झाकण घट्ट बसणाऱ्या एकेक लिटरच्या दोन रिकाम्या बाटल्या एका दांड्याच्या टोकांना पक्क्या बांधल्या की जवळजवळ दोन किलोंची सांगड होते. ती पोहण्यासाठी नव्हे, उथळ पाण्यात उभे राहून दाबण्यासाठी. झाकण गळत नाही हे प्रत्येक वेळी तपासूनच ती हाती द्यावी. तिच्यात एक गुण अधिक आहे. प्रत्येक बाटलीत अर्धा लिटर पाणी भरले की आधार निम्मा होतो, पाव लिटर ठेवले की पाऊणपट. म्हणजे आज एक किलो, आठवड्याने दीड, नंतर दोन, अशी रुग्णाच्या बळानुसार मात्रा वाढवता येते. फोमच्या डंबेलाला ही सोय नाही.